देशाची प्रार्थना राहिली

पुन्हा भोंगे सुरू झाले आहेत. या वेळी नगर परिषदेच्या निवडणुकीचे, आणि ऐन थंडीत. सकाळी मी शाळेत जायला निघते तेव्हा प्रचाराचा ऑटो आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा असतो. चालवणारा टपरीवर चहा पीत असतो आणि रिकाम्या ऑटोतला रेकॉर्ड केलेला आवाज समोरच्या कुलूपबंद दुकानांना मोठ्या आपुलकीनं "मायबहिणींनो" म्हणत असतो. दारव्ह्याची हवा या दिवसांत खरं तर छान असते. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जातात, त्यांतून उडालेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकतात आणि कोवळ्या उन्हात ती झाडं कोणीतरी सजवल्यासारखी दिसतात. पण तो आवाज कानावर आला की मला स्वेटरच्या आत उकडायला लागतं. नाकात कूलरच्या ओल्या गवताचा वास येतो. माझ्या अंगाला निवडणुकीचा एकच ऋतू माहीत आहे, लोकसभेचा तो उन्हाळा. नंतरच्या सगळ्या निवडणुका त्याच्याच आठवणीसारख्या येतात.

त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि प्रचार बरोबरच चालू होते. झावळ्यांच्या रविवारी आमच्याकडे शिंदीच्या फांद्या आणतात; खजुराची झाडं इथे कुठून येणार. त्या हातात धरून आम्ही चर्चला फेरी घालत होतो आणि रस्त्यानं एक प्रचारफेरी येत होती. दोन्ही मिरवणुका फाटकाशी समोरासमोर आल्या. त्यांच्यातल्या एकानं आमच्या फांद्यांकडे पाहत विचारलं, "हे कोणत्या पक्षाचं चिन्ह होय जी?" आम्ही हसलो, तेही हसले. पप्पांनी त्यांना पाणी दिलं. घटकाभर शिंदीच्या फांद्या आणि त्यांचे झेंडे एकाच सावलीत उभे होते. ते दृश्य मला अजून दिसतं, आणि आता ते फार जुन्या काळातलं वाटतं.

माझे पप्पा पाळक आहेत, म्हणजे पास्टर. बाजाराच्या रस्त्याला आमचं लहानसं चर्च आहे आणि त्याच्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. रविवारी पुढची काही बाकं भरतात, बाकीची रिकामी असतात. पप्पांचा उपदेश साधा, गाणं त्याहून साधं. पण देशासाठीची प्रार्थना ते अशी करायचे की मंडळीतले म्हातारे तेवढ्यासाठीच येतात, असं आई म्हणायची. राज्य करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं शास्त्र सांगतं. कोण चांगलं राज्य करतो ते बघून करा असं काही सांगत नाही, हे पप्पांचं म्हणणं. म्हणून ते अगदी वरून सुरुवात करायचे. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, मग कलेक्टर, तहसीलदार, ठाणेदार, तलाठी, आणि सगळ्यात शेवटी आमच्या भागाचा लाइनमन. लाइनमनची प्रार्थना उन्हाळ्यात जरा लांबायची. सरकार कोणाचंही असो, मागणं तेच असायचं. यांना सुबुद्धी दे, यांची लेकरंबाळं सुखात ठेव, यांच्या हातून गरिबाचं वाईट होऊ देऊ नको. लहानपणी मी विचार करत बसायची, दर रविवारी एक माणूस आपल्या लेकराबाळांची आठवण काढतो हे तहसीलदाराला माहीत तरी असेल का?

यवतमाळला होस्टेलवर राहून मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथेही रोज प्रार्थना व्हायची. सगळ्या मुली ओळीत उभ्या राहून ती एका दमात म्हणायच्या. शब्द गुळगुळीत होते, घशातून आपोआप घसरून जायचे, आणि तिच्यात कोणी काही मागतंय असं मला कधी वाटलं नाही. घरची प्रार्थना खडबडीत होती. तिच्यात म्हशी होत्या, ताप होता, लाइट गेलेली होती. दोन्ही प्रार्थना मला पाठ होत्या, पण मोठ्यानं मी कुठलीच केली नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. आता मी इथल्याच एका शाळेत केजीला शिकवते. लहान मुलांसमोर मात्र तसं होत नाही; ती ऐकत नसतात म्हणून असेल.

मला डोळे मिटायला आवडायचं. प्रार्थना म्हणजे आधी डोळे मिटणं, हे आईनं मला बोलायला शिकवण्याच्या आधी शिकवलं. एकदा देशाची प्रार्थना चालू असताना शेजारची शेळी चर्चमध्ये शिरली आणि वेदीवरचा झेंडूचा गुच्छ तिनं सावकाश खाल्ला. तिच्या खुरांचा, चावण्याचा आवाज सगळ्यांना येत होता. पप्पा तेव्हा कलेक्टरपर्यंत आले होते. एकानंही डोळे उघडले नाहीत. तहसीलदार झाला, तलाठी झाला, लाइनमन झाला, आमेन झालं, मग सगळ्यांनी मिळून शेळी हाकलली. बाहेरच्यांना यात वेडेपणा दिसेल. पण डोळे मिटले की माणूस स्वतःला आजूबाजूच्यांवर सोपवून देतो. पर्स बाकावर उघडी असते, मूल मांडीवरून उतरून कुठेतरी गेलेलं असतं, दार सताड उघडं असतं. मला माणसांच्या नजरेची भीती वाटते, लहानपणापासून. इतकी माणसं एकत्र बसलेली आहेत आणि कोणीच कोणाकडे पाहत नाही, असा तो आठवड्यातला एकच वेळ होता. मी त्या वेळी देवाशी फार काही बोलत नसे. नुसती बसायची, मोकळी.

पप्पांची आणखी एक सवय होती. कोणी प्रार्थनेसाठी आलं की ते विचारायचे, "काय मागू?" आणि तो माणूस जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत देवापुढे ठेवायचे. आसपासच्या खेड्यांतून सगळ्या धर्मांची माणसं यायची आणि पप्पा कोणाला नाही म्हणत नसत. एक बाई म्हणाली होती, "माही म्हैस लाथ मारते जी, धार काढू देत नाही." पप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हटलं, "प्रभू, हिची म्हैस लाथ मारते, धार काढू देत नाही." मी आतल्या खोलीत ओढणी तोंडात कोंबून हसत होते. ती गेल्यावर आई म्हणाली, थोडं तरी सुधारून सांगत जा, देव काय म्हणेल.

"मागणं तिचं आहे," पप्पा म्हणाले. "मी मधातला माणूस. मधातल्यानं शब्द बदलले की तो दलाल झाला."

त्या उन्हाळ्यात दोन मोठे उमेदवार होते, आणि दोन्ही बाजूंचे लोक पप्पांकडे येऊन गेले. त्यांची नावं मी लिहीत नाही. त्यांना त्यानं फरक पडणार नाही आणि मलाही आता पडत नाही. पहिले भाऊ चर्चमध्येच आले, भर दुपारी, सदरा पाठीला चिकटलेला. पप्पांनी नेहमीसारखं विचारलं, काय मागू. ते म्हणाले, निवडून येऊ द्या, दुसरं काय. गुडघे टेकताना त्यांना जड गेलं, एका कार्यकर्त्यानं दंडाला धरून बसवलं. पप्पांनी हात ठेवून त्यांचेच शब्द म्हटले, त्यांना निवडून येऊ दे. मग आपलं नेहमीचं जोडलं, सुबुद्धी दे, गरिबाचं वाईट होऊ देऊ नको. भाऊ उठले, आईच्या हातचं लिंबू सरबत प्यायले, छान झालंय म्हणाले आणि गेले. त्या दिवशी कोणी फोन काढला नव्हता.

दुसरे भाऊ त्याच आठवड्यात गुरुवारी भेटले, तांड्यावर.

दर गुरुवारी दुपारी पप्पा स्कूटरनं गावाबाहेरच्या एका बंजारा तांड्यावर जायचे. तिथे रमकीबाईच्या आवारात टिनाची शेड होती, पूर्वी बैल बांधायची. तिनं ती शेणानं सारवून, ताडपत्री अंथरून प्रार्थनेसाठी दिली होती. रमकीबाई म्हणजे उंच, काटक, मोठ्या आवाजाची बाई. होळीला ती तांड्यातल्या बायांबरोबर लेंगी गाते आणि गुरुवारी आमच्याबरोबर गीत गायची. पप्पांनी तिला कधी हे सोड, ते सोड म्हटलं नाही. तिची सून आजारात गेली तेव्हा घरात सगळ्यांना सांभाळता सांभाळता तिला रडायला जागा सापडत नव्हती. पप्पांनी प्रार्थना केली आणि ती डोळे मिटून पोटभर रडली, एवढंच सगळं घडलं होतं. मग तिच्यासारख्या आणखी बाया येऊ लागल्या. "येथी कोनी पाहत नाही बाई," असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. तेव्हा मला वाटलं, आपल्यासारखंच दुसरंही कोणीतरी आहे.

त्या गुरुवारी शाळा सकाळची होती म्हणून मीही गेले होते. शेडमध्ये भाजून निघत होतं. कडुनिंबाचा मोहर टिनावर पडत होता, त्याचा बारीक आवाज येत होता. मध्येच धुरळा उठला, गाड्या थांबल्या, आणि दुसरे भाऊ चपला काढून आत आले, ताडपत्रीवर आमच्यासारखेच मांडी घालून बसले. मला ते बरे वाटले. त्यांच्या माणसानं पप्पांना मागणं सांगितलं, भाऊला निवडून आण आणि तांड्याचं कल्याण भाऊच्या हातून होऊ दे. पप्पांनी डोक्यावर हात ठेवला. बायांनी आमच्या पद्धतीप्रमाणे आपापले हात त्यांच्या दिशेनं पुढे केले. सगळ्यांनी डोळे मिटले. माझेही मिटलेले होते. पप्पांनी मागणं होतं तसंच म्हटलं, एक शब्द न बदलता.

घरी आल्यावर आई म्हणाली, "दोघायलेही निवडून आणा म्हणता तुम्ही. आता देवानं काय करावं?"

"तो पाहील," पप्पा म्हणाले, आणि टाकीत पाणी चढलं का ते बघायला गेले.

त्या शेडमध्ये एका माणसाचे डोळे उघडे होते. तो कोण, हे आजही आम्हाला ठाऊक नाही; माहीत व्हायला आमच्यापैकी कोणीतरी डोळे उघडायला हवे होते. व्हिडिओ अगदी छोटा होता. त्यात पप्पांचा हात होता, भाऊंचं डोकं होतं, पुढे केलेले बांगड्यांचे हात होते आणि "निवडून आण" एवढं होतं. सुबुद्धी आणि गरीब यायच्या आत तो संपत होता. खाली लिहिलेलं होतं की तांड्यातांड्यांवर धर्म बदलणं चालू आहे आणि मतं अशी बांधून घेतली जात आहेत. दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेले तेव्हा टेबलावरचे फोन एकेक करून पालथे ठेवले गेले. कोणी वाईट बोललं नाही. एका मॅडमनं डब्यातली कैरी माझ्यापुढे केली. मी ती घेतली, मीठ लावलेली होती, आणि चघळत चघळत भिंतीवरचा पहिलीचा तक्ता वाचत बसले.

मग तांड्याचे नाईक आले. नाईक म्हणजे तांड्याचे प्रमुख, म्हातारे, फेट्यातले. शेअर जीपनं आले होते आणि आल्यापासून खुर्चीच्या काठावरच बसले होते. आईनं चहा पुढे केला तर नको म्हणाले. पप्पांनी त्यांना गुडघा कसा आहे विचारलं, कारण मागच्या हिवाळ्यात त्या गुडघ्यासाठी पप्पांनीच प्रार्थना केली होती.

"गुडघा बरा हाये," नाईक म्हणाले. "पास्टर, मले तुमचा राग नाही. पन पोरं आयकून नाही राह्यले. तेवढी शेड बंद ठेवा."

"किती दिवस?"

"मतदान होऊन जाऊ द्या. मंग पाहू."

पप्पांनी मान डोलावली. ते कुठलीही गोष्ट माणूस सांगेल तशीच घेतात, त्याच शब्दांत. मतदान झाल्यावर बघू असं नाईक म्हणाले म्हणजे मतदान झाल्यावर बघतील, असं त्यांनी खरंच धरून ठेवलं.

ठाण्यातूनही बोलावणं आलं. पप्पांना दुपारभर बसवून ठेवलं, पण कूलरसमोर बसवलं, हे ते आम्हाला दोनदा सांगत होते. तिथल्या साहेबांचं म्हणणं होतं की कागदोपत्री तसं काही नाही, पण कशाला डोकेदुखी. "मनातल्या मनात करत जा ना, पास्टर. तुमचा देव काय बहिरा आहे?" हे सांगताना पप्पा हसले. त्यांना तो विनोद खरोखर आवडला होता. आई हसली नाही. तिनं त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या धुवायच्या आधी उलट्या केल्या आणि म्हणाली, जेवून घ्या.

आमच्या मंडळीची एक रीत होती. मतदानाच्या आदल्या दिवशी उपास, दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, आणि मग सगळे मिळून मतदान केंद्रावर जायचे, लग्नाला निघाल्यासारखे, म्हाताऱ्या पुढे आणि लेकरं मागे. कोणाला मत द्यायचं हे पप्पांनी कधी सांगितलं नाही. रस्त्यानं बाया चिंचेच्या भावावर बोलायच्या. त्या वर्षी पप्पांनी सांगितलं, वेगवेगळे जा, दोघंदोघं. प्रार्थना आटोपती घेतली. मी आणि आई गेलो. जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात रांग होती, ऊन पायांवर येत होतं. पप्पांना एरवी लांबून नमस्कार करणारे लोक आमच्याकडे पाहून आपल्या चिठ्ठ्या वाचू लागले. आई ताठ उभी होती. तिनं तिची चांगली साडी नेसली होती, नाताळची.

लोकसभेसाठी मी पहिल्यांदाच मत देत होते. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे गेल्यावर मला वाटलं, ही तर अगदी प्रार्थनेसारखीच जागा आहे. इथेही कोणी पाहत नाही. इथे माणूस एकटा असतो, जे मागायचं ते मागतो आणि हात रिकामे घेऊन बाहेर येतो. मी ठरवून आले होते की बटण दाबायच्या आधी पप्पांची देशाची प्रार्थना मनात म्हणायची, राष्ट्रपतींपासून लाइनमनपर्यंत. पण ती येईचना. होस्टेलवरची इंग्रजी तेवढी आली, गुळगुळीत, एका दमात, आणि संपली. बटण दाबायला डोळे उघडेच लागतात. मशीनचा तो लांब आवाज झाला. बाहेर येऊन शाई वाळेपर्यंत मी बोट हवेत धरून उभी होते आणि मला कोणाला तरी विचारावंसं वाटत होतं की माझं मागणं कुठे गेलं.

निकालाच्या दिवशी गुलाल आमच्या फाटकापर्यंत उडाला. पहिले भाऊ निवडून आले, ते लिंबू सरबतवाले. दुसरे हरले, आणि त्यांच्या लोकांनी त्या व्हिडिओनं घात केला म्हणत पप्पांशी बोलणं टाकलं. आई पायरीवर साचलेला गुलाबी भुगा झाडत म्हणाली, चला, एकाची तरी ऐकली देवानं.

मतदान झालं होतं, निकालही झाला होता. पण नाईक काही बोलेनात. शेडला कुलूप तसंच होतं. शेवटी पप्पा आणि रमकीबाई निवडून आलेल्या भाऊंना भेटायला गेले. रमकीबाई चांगलं लुगडं नेसून, चेहरा धुऊन गेली होती. ते एक शब्द टाकतील आणि शेड उघडेल, असं तिला वाटत होतं. भाऊ उठून उभे राहिले, पप्पांच्या पाया पडले, चहा मागवला. मग दार लोटून घेतलं.

"पास्टर, तुमचा आशीर्वाद आहेच आमच्यावर," ते म्हणाले. "पण त्या दिवशी आम्ही येऊन गेलो, ते कोठी बोलू नका. वातावरण बरोबर नाही सध्या."

"मी बोललो नाही कोणाजवळ."

"बोलणारही नाही ना?"

"नाही," पप्पा म्हणाले.

शेडचा विषय मग निघालाच नाही. मला हे पप्पांनी सांगितलं नाही, रमकीबाईनं सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून, पदरानं वारा घेत. "म्या म्हटलं, पास्टर, काहून गप बसले तुमी? तं थे म्हनते, त्यानं जे मागतलं थे देल्लं." ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी शिकलेली आहे तर मला याचा अर्थ लागेल. मला लागला होता. कुलूप काढायला गेलेले पप्पा प्रार्थना लपवण्याचं वचन देऊन आले होते. ज्याच्यासाठी मागितलं त्याला मागून घेतल्याची लाज वाटत होती, आणि ती लाज हातात देऊन त्यानं पप्पांना परत पाठवलं होतं.

त्यानंतर देशाची प्रार्थना आखडत गेली. आधी लाइनमन गळाला. मला वाटलं विसरले असतील. मग तलाठी आणि ठाणेदार गेले. पावसाळा संपता संपता पप्पा मुख्यमंत्र्यांवर थांबू लागले. त्यांचा आवाज त्या जागी आला की खाली उतरायचा, ओल्या जमिनीवर पाय टाकताना माणूस जपतो तसा. एका रविवारी आजाऱ्यांची प्रार्थना झाली, परीक्षेच्या मुलांची झाली, आणि थेट शेवटचा आशीर्वाद झाला. म्हातारे एकमेकांकडे पाहून उठले. मधे विधानसभेची निवडणूक आली तेव्हा पप्पा आईला घेऊन तिच्या माहेरी मारेगावला निघून गेले, आणि मतदानाच्या दिवशी सकाळी येऊन बोटाला शाई लावून पुन्हा गेले.

मी त्यांना विचारू शकले असते. पण आमच्या घरात मी न विचारणारी आहे हे ठरून गेलंय. शिवाय मला उत्तराची भीती वाटते. देवानं ऐकलं नाही असं ते म्हणाले असते तर मी कसंतरी सोसलं असतं. पण मला वाटतं ते म्हणाले असते, देवानं ऐकलं. मी मागितलं तेच झालं. दोघांसाठी मागितलं, एकाला दिलं. गरिबाचं वाईट होऊ नये हे व्हिडिओतून कापलं गेलं, ते देवाकडे जाणाऱ्या आवाजातूनही कापलं गेलं नसेल कशावरून? अशा विचारांनी मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहते आणि मुलं म्हणतात, मॅम, पुढचं अक्षर.

मागच्या महिन्यात मी तांड्यावर गेले होते, रमकीबाईला ताप होता म्हणून. येताना तिनं शेड दाखवली. तिच्या मुलानं तिथे कापूस भरलाय, छतापर्यंत. दार उघडलं तर तो फुगून बाहेर यायला लागला, तिनं दोन्ही हातांनी आत ढकलून कडी घातली. ऊबदार, किंचित तेलकट वास आला. पाय ठेवायला जागा नव्हती. "चांगलं झालं ना," ती म्हणाली, "भिजत नाही आता." मला वाटलं ती कापसाबद्दल बोलते आहे. जीपमध्ये बसल्यावर वाटलं, माहीत नाही कशाबद्दल बोलत होती.

आता ती रविवारी जीपनं इथे चर्चला येते, येते तेव्हा शेवटच्या बाकावर बसते. गेल्या रविवारीही आली होती. बाहेर तोच ऑटो उभा होता, रविवार म्हणून आवाज जास्त मोठा. पप्पांनी आजाऱ्यांची प्रार्थना केली, एका नव्या जोडप्यासाठी केली, आणि आशीर्वादासाठी हात उचलले. तेवढ्यात मागून रमकीबाईचा आवाज आला, तांड्यावर हाक मारावी तसा.

"पास्टर, देशाची राहिली."

पप्पांचे हात वरच राहिले. मग हळूहळू खाली आले. त्यांनी वेदीच्या कापडाची सुरकुती बोटानं सारखी केली. मी त्यांची मुलगी आहे, मला त्यांचा प्रत्येक श्वास ओळखू येतो, आणि मी मनात म्हणत होते की करा, एकदा करा, नुसत्या लाइनमनची तरी करा. बाहेर ऑटोतला आवाज लाइटबद्दलच काहीतरी आश्वासन देत होता.

"मनातल्या मनात करू या," पप्पा म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. सगळ्यांनी मान खाली घातली. ते वाक्य कुठून आलं होतं हे बहुतेक मला आणि आईलाच माहीत होतं. आई या वेळी हसली नाही, तेव्हाही हसली नव्हती. चर्चमध्ये शांतता झाली, ती जुनी शांतता, शेळीच्या दिवसाची, आणि मला तिच्यात शिरावंसं वाटलं. पण मी डोळे मिटले नाहीत. मला मिटवेनात. खाली घातलेल्या मानेनंच मी इकडेतिकडे पाहिलं.

पुढच्या बाकावरचे म्हातारे डोळे उघडे ठेवून दाराकडे पाहत होते. नव्या जोडप्यातली मुलगी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून तिच्याकडे पाहत होती. आई शेजारच्या माणसाच्या खिशातल्या फोनकडे पाहत होती. रमकीबाई, जी या एका गोष्टीसाठी एवढ्या लांबून यायची, पप्पांकडे पाहत होती. आणि पप्पांचेही डोळे उघडे होते. आमची नजरानजर झाली. ती आम्ही दोघांनीही लगेच सोडवून घेतली.

मग पप्पांनी आमेन म्हटलं. सगळ्यांनी माना वर केल्या, कोणी तोंडावरून हात फिरवला, कोणी पापण्यांची उघडझाप केली, आणि प्रत्येकानं आत्ताच डोळे उघडल्यासारखं केलं.